कोणाचे बल, कोणावर? बल आणि बलाचे प्रकार घरच्या घरी मोजून समजून घेण्याची पद्धत

‘ढकलणे किंवा ओढणे म्हणजे बल’ ही व्याख्या बहुतेकांना पाठ असते आणि ती चुकीचीही नाही. अडचण येते ती त्यानंतर. टेबलावर शांत पडलेल्या पुस्तकावर कोणती बले आहेत, असे विचारले की काही मुले ‘एकही नाही’ म्हणतात, काही ‘गुरुत्वीय बल’ म्हणून थांबतात, आणि बोटाने टिचकी मारून सोडलेल्या कॅरमच्या स्ट्रायकरवर मात्र त्यांना ‘पुढे नेणारे बल’ दिसते, जे तिथे मुळीच नसते. असलेले बल दिसत नाही आणि नसलेले दिसते, हा गोंधळ केवळ व्याख्या पाठ केल्याने सुटत नाही. त्यासाठी बल ओळखण्याची आणि मोजण्याची सवय लागावी लागते. या लेखात ती सवय स्वयंपाकघरातील वजनकाटा, रबरबँड, पाणी आणि एक दगड एवढ्या साहित्यावर कशी लावून घेता येते, हे क्रमाने दिले आहे.

महाराष्ट्रातील सहावीच्या विज्ञानात बलाचे प्रकार येतात: स्नायू बल, यांत्रिक बल, गुरुत्वीय बल, चुंबकीय बल, घर्षण बल आणि स्थितिक विद्युत बल. यादी उपयोगी आहे, पण तिच्यात दोन वेगळ्या कसोट्या मिसळल्या आहेत, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे. स्नायू बल आणि यांत्रिक बल ही नावे बल कोठून येते हे सांगतात, म्हणजे माणसाच्या हातातून की यंत्रातून. घर्षण किंवा गुरुत्वीय ही नावे मात्र बल कोणत्या रीतीने काम करते, हे सांगतात. ढकलल्या जाणाऱ्या कपाटाच्या दृष्टीने माणसाचा हात आणि यंत्राचा दांडा यांत काही फरक नसतो. म्हणून पुढे आपण यादीच्या क्रमाने न जाता एका प्रश्नाच्या आधारे जाणार आहोत.

पहिली पायरी: वाक्य पूर्ण करणे

कोणतेही बल आधी या साच्यात लिहावे: ‘अमुक वस्तूने तमुक वस्तूवर लावलेले बल’. दोन्ही जागा खऱ्या वस्तूंनी भरता आल्या पाहिजेत. ‘पृथ्वीने पुस्तकावर लावलेले बल’ हे वाक्य पूर्ण आहे. ‘टेबलाने पुस्तकावर लावलेले बल’ हेही पूर्ण आहे. ‘वेगाचे बल’, ‘जडत्वाचे बल’ किंवा ‘गतीचे बल’ यांत मात्र बल लावणारी वस्तूच सापडत नाही. ज्या बलाला लावणारा नाही, ते कागदावरून खोडून टाकावे.

एखाद्या वस्तूवरील सगळी बले शोधायची असतील तर त्या वस्तूचे एकटीचे चित्र काढावे. आजूबाजूचे टेबल, दोरी, हात यांपैकी काहीही काढू नये. मग विचारावे, या वस्तूला काय काय चिकटले किंवा टेकले आहे? प्रत्येक स्पर्शाच्या ठिकाणी एक बल असू शकते. स्पर्श संपले की स्पर्शाशिवाय लागणारी बले पाहावीत. रोजच्या जगात ती तीनच असतात: गुरुत्वीय, चुंबकीय आणि विद्युत. एवढी चौकशी केल्यावर चौथ्या ठिकाणाहून बल येऊ शकत नाही, त्यामुळे एखादे बल सुटून जाण्याची भीती उरत नाही.

आता कॅरमच्या स्ट्रायकरकडे परत येऊ. बोट सुटल्यानंतर त्याला काय टेकले आहे? खाली बोर्ड आणि भोवती हवा. बोर्ड त्याला वर उचलून धरतो आणि घर्षणाने मागे ओढतो, हवा अगदी किंचित मागे ढकलते आणि पृथ्वी खाली ओढते. पुढच्या दिशेने एकही बल नाही, तरीही स्ट्रायकर पुढे जातो, कारण गती टिकवायला बल लागत नाही, ती बदलायला लागते. न्यूटनने १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या नियमाचा अर्थ हाच आहे. बोटाचा स्पर्श होता तेवढ्या क्षणभरातच बोटाचे बल होते, त्याने स्ट्रायकरला वेग दिला आणि ते संपले. बोर्डावर पावडर टाकली की स्ट्रायकर लांब जातो, याचे कारण त्याला जास्त बल मिळाले हे नसून मागे ओढणारे बल कमी झाले, हे आहे.

दुसरी पायरी: स्वतःचा ताणकाटा बनवणे

ओढणारे बल मोजणारा ताणकाटा बाजारात मिळतो, पण स्वतः बनवलेल्या काट्याने मोजण्याचा अर्थ अधिक चांगला कळतो. साधारण ३० सेंटिमीटर लांबीचा जाड पुठ्ठा घ्यावा. त्याच्या वरच्या टोकाला खिळा किंवा टाचणी घट्ट बसवून तिच्यात दोन सारखे रबरबँड शेजारी शेजारी अडकवावेत. रबरबँडच्या खालच्या टोकाला जेमक्लिप उलगडून तिचा आकडा करावा. रबर पुठ्ठ्याला घासणार नाही, असा सगळा जोड किंचित पुढे ठेवावा, कारण घासणारे रबर प्रत्येक वेळी वेगळे माप दाखवते.

आता त्यावर खुणा करायच्या. येथे पाणी फार उपयोगी पडते. १०० मिलिलिटर पाण्याचे वस्तुमान १०० ग्रॅम असते आणि पृथ्वी त्याला ०.९८ न्यूटन बलाने ओढते. चेनची प्लास्टिक पिशवी आकड्याला अडकवून सुई नसलेल्या सिरिंजने ५० मिलिलिटर पाणी भरावे, दहा सेकंद थांबावे आणि आकड्याच्या टोकाशी खूण करावी. असे दर ५० मिलिलिटरला, म्हणजे जवळजवळ दर अर्ध्या न्यूटनला, ५०० मिलिलिटरपर्यंत करत जावे. दहा सेकंद थांबायचे कारण असे की रबर ताण दिल्यावर लगेच स्थिरावत नाही, थोडा वेळ सरकत राहते.

खुणांमधील अंतरे सारखी येत नाहीत, हे पाहून गडबडू नये. स्टीलची स्प्रिंग एका मर्यादेपर्यंत जेवढे बल तेवढ्या प्रमाणात लांबते, हा रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये मांडलेला नियम आहे. रबर हा नियम नीट पाळत नाही. शिवाय पाणी काढत काढत परत आलात तर त्याच वजनाला रबर मघापेक्षा जरा लांबच दिसेल. म्हणून रबरी काट्याने मोजताना बल शक्यतो कमीकडून जास्तीकडे वाढवत न्यावे. माझा पहिला काटा मी खिडकीत उन्हात ठेवून दिला होता. आठ दिवसांनी त्याच्या सगळ्या खुणा खोट्या झाल्या होत्या आणि रबराला हात लावताच ते तुटले. काटा कपाटात ठेवावा आणि दर वेळी वापरण्यापूर्वी २०० मिलिलिटर पाण्याने एक खूण तपासून पाहावी.

एक न्यूटन म्हणजे किती, याचा हाताला अंदाज असावा. मध्यम आकाराचा, शंभर ग्रॅमच्या आसपासचा चिकू तळहातावर ठेवला की तळहातावर साधारण एक न्यूटनचा भार येतो. व्याख्येनुसार एक किलोग्रॅम वस्तुमानाला दर सेकंदाला एक मीटर प्रतिसेकंद एवढा वेग वाढवून देणारे बल म्हणजे एक न्यूटन. दुसऱ्या नियमाचे सूत्रही तेच आहे: बल = वस्तुमान × त्वरण.

तिसरी पायरी: वजन आणि त्याला उत्तर देणारा टेबल

‘माझे वजन साठ किलो’ असे आपण म्हणतो आणि व्यवहारात ते चालते. येथे मात्र साठ किलोग्रॅम हे वस्तुमान आहे आणि वजन म्हणजे पृथ्वीने त्या वस्तुमानावर लावलेले बल, सुमारे ५८८ न्यूटन. वस्तुमानाला ज्या आकड्याने गुणले की वजन मिळते, तो गुणक विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ असतो, म्हणून रोजच्या कामाला ९.८ पुरतो. चंद्रावर तो १.६२ आहे. तेथे पिठाच्या एका किलोच्या पिशवीत पीठ तेवढेच राहील, तेवढ्याच पोळ्या होतील, फक्त ती उचलायला ९.८ ऐवजी १.६ न्यूटन लागतील.

आता स्वयंपाकघरातील डिजिटल काटा घ्या आणि त्याच्या तबकडीवर बोटाने दाबा. काटा ५०० ग्रॅम दाखवू लागेल. तबकडीवर काहीही ठेवलेले नाही, मग हे ५०० ग्रॅम कशाचे? काट्याला वस्तुमान कळत नाही. त्याच्या तबकडीवर किती बल पडते एवढेच त्याला कळते, आणि त्या बलाला ९.८ ने भागून तो ग्रॅम छापतो. तुमच्या बोटाने तबकडीवर लावलेले बल ४.९ न्यूटन आहे. हे एकदा ध्यानात आले की हा काटा धान्य मोजण्याचे साधन न राहता खाली ढकलणारे कोणतेही बल मोजण्याचे साधन होतो, आणि पुढच्या प्रयोगांत आपण त्याला तसेच वापरणार आहोत.

पृष्ठभागाने वस्तूवर, पृष्ठभागाला काटकोनात लावलेल्या बलाला अभिलंब बल म्हणतात. निर्जीव टेबल बल कसे लावू शकेल, ही शंका रास्त आहे. दोन पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर प्लास्टिकची फूटपट्टी आडवी ठेवा आणि मधोमध कप ठेवा. पट्टी वाकते, आणि वाकलेली पट्टी स्प्रिंगसारखी कपाला वर ढकलते. कप जड केला की ती आणखी वाकते आणि आणखी ढकलते. टेबलही असेच वाकते, फक्त डोळ्यांना दिसणार नाही इतके कमी. त्यामुळे अभिलंब बलाची किंमत ठरलेली नसते. ते गरजेपुरते वाढते आणि फळीच मोडली की संपते.

ते वजनाएवढेच असते, असेही नाही. घरातला माणसे मोजायचा काटा लिफ्टमध्ये नेऊन त्यावर उभे राहावे. लिफ्ट दर सेकंदाला एक मीटर प्रतिसेकंद या त्वरणाने वर निघाली तर साठ किलोच्या माणसाला काटा सुमारे ६६ किलो दाखवील. लिफ्ट एकसारख्या वेगाने जाऊ लागली की पुन्हा ६०, आणि वरच्या मजल्यावर थांबू लागली की साठच्या खाली. पृथ्वीची ओढ यात कुठेच बदललेली नसते, बदलते ते काट्याने पायांवर लावलेले बल. ‘पोटात गोळा येणे’ म्हणून जे आपण अनुभवतो, ते या अभिलंब बलाचे कमीजास्त होणे असते.

चौथी पायरी: दगड, पाणी आणि तिसरा नियम

क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात, हे वाक्य बहुधा सर्वांत जास्त पाठ केले जाणारे आणि सर्वांत कमी समजलेले आहे. त्यासाठी एक प्रयोग सावकाश करावा.

महाराष्ट्रात काळा कातळ म्हणजे बेसाल्ट कोठेही मिळतो. साधारण २८० ग्रॅमचा एक दगड घ्यावा आणि दोऱ्याने बांधून ताणकाट्याला टांगावा. काटा २.७४ न्यूटन दाखवील. डिजिटल काट्यावर रुंद तोंडाचे भांडे ठेवून ते अर्धे पाण्याने भरावे आणि काटा शून्यावर आणावा. आता ताणकाटा हातात धरून दगड हळूहळू पाण्यात उतरवावा. तो तळाला किंवा भांड्याच्या बाजूला टेकू नये. दोन्ही काट्यांकडे एकाच वेळी पाहायला दुसरा माणूस असला तर बरे.

दगड पूर्ण बुडाला की ताणकाटा १.७६ न्यूटनच्या आसपास येईल, म्हणजे ०.९८ न्यूटनने उतरेल. त्याच वेळी खालचा डिजिटल काटा शून्यावरून १०० ग्रॅमवर गेलेला दिसेल. शंभर ग्रॅमला न्यूटनमध्ये लिहिले तर तेही ०.९८. पाण्याने दगडाला जेवढे वर ढकलले, अगदी तेवढेच दगडाने पाण्याला खाली ढकलले आणि पाण्याने ते भांड्याच्या तळाला पोचवले. एक बल वरच्या काट्याने मोजले, दुसरे खालच्या. ही तिसऱ्या नियमाची खरी जोडी आहे: दोन वेगळ्या वस्तूंवरील, एकाच प्रकारची, एकाच वेळी जन्मणारी आणि एकाच वेळी संपणारी बले.

याच प्रयोगात आर्किमिडीजचा नियमही हाती लागतो: पाणी बुडालेल्या वस्तूला तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढ्या बलाने वर ढकलते. दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन ०.९८ न्यूटन, म्हणजे त्याचे आकारमान १०० घन सेंटिमीटर, आणि २८० ला १०० ने भागले की दगडाची घनता २.८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येते. बेसाल्टची घनता याच सुमारास असते. वाटेत सापडलेल्या दुसऱ्या एखाद्या दगडाचे उत्तर २.६ आले तर तो कदाचित गारगोटीचा असेल. विहिरीतून कळशी ओढणाऱ्यांना हे हातानेच ठाऊक असते: पाण्याच्या आत असेपर्यंत कळशी हलकी लागते आणि पृष्ठभाग सोडताच एकदम जड होते.

आता नेहमीची चूक पाहू. ‘पुस्तकाचे वजन ही क्रिया आणि टेबलाने पुस्तकाला वर ढकलणे ही प्रतिक्रिया’ असे उत्तर अनेक वह्यांत असते. पहिल्या पायरीतील साच्यात लिहिले की ते चुकीचे का, ते दिसते. ‘पृथ्वीने पुस्तकावर’ आणि ‘टेबलाने पुस्तकावर’ ही दोन्ही बले एकाच वस्तूवर आहेत, म्हणून ती जोडी असू शकत नाही. जोडी मिळवायला वाक्यातील दोन नावांची अदलाबदल करावी. ‘पृथ्वीने पुस्तकावर’ याची जोडी ‘पुस्तकाने पृथ्वीवर’, आणि ‘टेबलाने पुस्तकावर’ याची जोडी ‘पुस्तकाने टेबलावर’. पुस्तकावरील दोन बले समान आहेत, ती पुस्तक स्थिर असल्यामुळे. लिफ्ट वर निघाली की ती समान राहत नाहीत. तिसऱ्या नियमाच्या जोड्या मात्र लिफ्टमध्येही समानच राहतात.

पाचवी पायरी: घर्षण

एक जाड पुस्तक दोऱ्याने बांधावे, ताणकाटा आडवा धरावा (आडव्या स्थितीत शून्याची खूण पुन्हा तपासावी, कारण आता आकड्याचे स्वतःचे वजन रबराला ताणत नाही) आणि ताण अगदी हळूहळू वाढवावा. अर्धा न्यूटन लावला तरी पुस्तक हलत नाही. एक न्यूटनलाही हलत नाही. याचा अर्थ घर्षण आधी अर्धा न्यूटन होते आणि मग एक झाले. स्थिर वस्तूवरील घर्षण अभिलंब बलासारखेच गरजेपुरते वाढते. मग एका टप्प्यावर पुस्तक निसटते आणि काटा किंचित उतरतो. निसटण्यापूर्वीचे सर्वांत मोठे माप म्हणजे स्थितिक घर्षणाची मर्यादा, आणि नंतर पुस्तक एकसारख्या वेगाने सरकत असतानाचे माप म्हणजे गतिक घर्षण. ‘एकसारख्या वेगाने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण वेग वाढत असेल तर काट्याचे माप घर्षणापेक्षा जास्त येते.

मग तसेच दुसरे पुस्तक वर ठेवून पुन्हा ओढावे. माप जवळजवळ दुप्पट होते. त्यानंतर एकच पुस्तक सगळ्या बाजूंनी सारख्याच कागदात गुंडाळून आधी आडवे आणि मग कडेवर उभे ठेवून ओढावे. टेकणारे क्षेत्रफळ बरेच कमी झाले तरी माप फारसे बदलत नाही. हे मनाला पटत नाही, पण काटा तेच सांगतो. गियोम आमोंतों या फ्रेंच संशोधकाने १६९९ मध्ये याच दोन गोष्टी मांडल्या: घर्षण पृष्ठभागांना दाबून धरणाऱ्या बलाच्या प्रमाणात असते आणि दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. घर्षण भागिले अभिलंब बल या गुणोत्तराला घर्षण गुणांक म्हणतात.

घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असते, हेही अर्धेच खरे आहे. ते दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून सरकण्याच्या विरुद्ध असते. चालताना पाय जमिनीला मागे ढकलतो आणि जमीन घर्षणाने पायाला पुढे ढकलते. आपण पुढे जातो ते या घर्षणामुळेच. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर हे पुढे ढकलणारे बल मिळत नाही, म्हणून तेथे पाय मागे सटकतो.

घर्षणाचे एक उदाहरण आकड्यांनी सोडवून ठेवावे. शहाबादी फरशीवर २० किलो गव्हाचे पोते आहे. त्याचे वजन १९६ न्यूटन. समजा स्थितिक घर्षण गुणांक ०.५ आणि गतिक ०.४ आहे. म्हणजे पोते हलायच्या आधी घर्षण जास्तीत जास्त ९८ न्यूटनपर्यंत जाऊ शकते, आणि सरकू लागल्यावर ते ७८.४ राहते. तुम्ही आडव्या दिशेने ८० न्यूटनने ढकलले तर घर्षण किती? परीक्षेत मुले ९८ लिहितात. तसे असते तर पोते आपोआप तुमच्या अंगावर चालून आले असते. घर्षण ८० आहे, तुमच्या बलाएवढेच. ११० न्यूटनने ढकलले तर पोते निसटते, निव्वळ बल ११० वजा ७८.४ म्हणजे ३१.६ न्यूटन उरते, आणि त्याला २० ने भागले की त्वरण येते १.५८ मीटर प्रतिसेकंद वर्ग. पोते एकसारख्या वेगाने नेत राहायचे असेल तर आता ढकलणे ७८.४ वर आणावे लागेल.

सहावी पायरी: दोरीतील ताण

दोरी फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही, आणि ओढते ती स्वतःच्याच दिशेने. विहिरीच्या रहाटावरून १२ किलोची भरलेली बादली ओढताना दोरीत सुमारे ११८ न्यूटन ताण असतो. रहाट बल कमी करत नाही, दिशा बदलतो. खाली ओढताना अंगाचा भार वापरता येतो, एवढाच त्याचा लाभ. रहाटाच्या आसावर मात्र दोरीच्या दोन्ही बाजूंचे मिळून साधारण २३५ न्यूटन येतात. आस आधी झिजतो, तो यामुळेच.

कपडे वाळत घालायच्या दोरीचा हिशेब याहून मजेदार आहे. २०० मिलिलिटर पाण्याची पिशवी दोऱ्याच्या मधोमध बांधावी, दोऱ्याचे एक टोक खिळ्याला आणि दुसरे ताणकाट्याला बांधावे. दोन्ही बाजू जवळजवळ उभ्या असताना काटा पिशवीच्या वजनाच्या निम्मे, म्हणजे ०.९८ न्यूटन दाखवतो. आता काटा बाजूला नेत दोरा सपाट करत जावा. दोन्ही बाजू आडव्या रेषेशी ३० अंश करतात तेव्हा माप १.९६ होते आणि १५ अंशांना सुमारे ३.८. पिशवी तीच, पण ताण चौपटीजवळ गेला. पूर्ण आडवा दोरा कधीच होत नाही, कारण आडवा दोरा वर ओढूच शकत नाही आणि पिशवीला वर ओढणारे कोणीतरी हवेच. दोन किलोची ओली चादर गोळा होऊन दोरीच्या मध्यावर आली आणि दोरी आडव्या रेषेशी फक्त ५ अंश झुकलेली असली, तर दोरीत सुमारे ११२ न्यूटन ताण येतो, म्हणजे साडेअकरा किलो टांगल्यासारखा. गच्चीवरची दोरी फार ताणून बांधू नये, असे घरातील मोठी माणसे म्हणतात, ते भौतिकशास्त्राला धरूनच आहे.

सातवी पायरी: स्पर्शाविना

लोखंडी कपाटाला चिकटवलेला लोहचुंबक ताणकाट्याने सरळ ओढून सोडवावा आणि सुटतानाचे माप लिहावे. मग मध्ये कागदाचा एक थर, दोन, चार, आठ असे वाढवत मापे घ्यावीत. बल थरांबरोबर झपाट्याने उतरते. चुंबक काट्याच्या मर्यादेपेक्षा शक्तिमान असेल तर सुरुवातच चार थरांपासून करावी.

स्थितिक विद्युत बलासाठी प्लास्टिकचा कंगवा कोरड्या केसांतून आठदहा वेळा फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ न्यावा. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात हा प्रयोग करायला गेल्यास हमखास फसतो, कारण दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार टिकत नाही. थंडीतील कोरडी सकाळ किंवा विदर्भातील उन्हाळा उत्तम. कपटा उडून कंगव्याला चिकटतो त्या क्षणी थोडे थांबून विचार करावा: एका बाजूला संपूर्ण पृथ्वी त्याला खाली ओढत आहे आणि दुसऱ्या बाजूला एक कंगवा वर, आणि कंगवा जिंकतो. गुरुत्वीय बल किती क्षीण आहे, याचा यापेक्षा स्वस्त पुरावा नाही. ते आपल्याला मोठे वाटते ते पृथ्वीचे वस्तुमान अफाट असल्यामुळे. हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये शिशाच्या गोळ्यांमधील आकर्षण मोजून दाखवले, तेव्हा त्याला वाऱ्याची झुळूकही लागू नये म्हणून उपकरण बंद खोलीत ठेवून बाहेरून दुर्बिणीने पाहावे लागले होते. एक मीटर अंतरावरील साठ साठ किलोच्या दोन माणसांमधील गुरुत्वीय बल साधारण ०.००००००२४ न्यूटन भरते. कोणत्याही घरगुती काट्यावर ते दिसणार नाही.

अभिलंब बल, घर्षण, ताण आणि रबराची ओढ या सगळ्यांना आपण स्पर्शाची बले म्हटले. खोलात गेले तर ती सारी अणूंमधील विद्युतचुंबकीय बलाचीच रूपे आहेत. निसर्गातील मूलभूत बले चार मानतात: गुरुत्वीय, विद्युतचुंबकीय, आणि अणुकेंद्रातच काम करणारी प्रबल व क्षीण ही दोन. शेवटच्या दोघांना मोजायला घरात साधन नाही, पण त्यांच्याविना पुठ्ठाही नसता आणि दगडही नसता.

आठवी पायरी: एसटीच्या घाटात तपासणी

पद्धत हातात बसली की नाही, हे पाहायला घाटातील एसटी चांगली. समजा तुम्ही डाव्या खिडकीशी बसला आहात आणि बस उजवीकडे वळते. तुम्ही खिडकीकडे फेकले जाता. तुम्हाला डावीकडे कोणी ढकलले? वाक्य लिहून पाहा: ‘… ने माझ्यावर डावीकडे लावलेले बल’. शेजारचा प्रवासी तुम्हाला टेकलेला नाही. आसन खालून वर उचलते आणि घर्षणाने उजवीकडेच थोडे ओढते. पृथ्वी खाली ओढते. रिकामी जागा भरायला कोणीच सापडत नाही, म्हणून ते बल खोडावे. तुमचे शरीर सरळ जाऊ पाहत होते आणि बस तुमच्याखालून उजवीकडे वळली. मग खांदा बसच्या पत्र्याला टेकला, आणि तेथे एक खरे बल निर्माण झाले: पत्र्याने तुमच्या खांद्यावर उजवीकडे लावलेले. तुम्हाला वळणावरून बसबरोबर वळवले ते आसनाच्या घर्षणाने आणि या पत्र्याने. पत्रा थरथरत असला तरी खांद्यावर त्याचा दाब वळणाच्या मध्याशी वाढलेला आणि रस्ता सरळ होताना ओसरलेला स्पष्ट जाणवतो.